दारातला माणूस

परभणी जिल्ह्यात, जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की चारठाणा येतं. इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक आहे. गोकुळेश्वराचं जुनं मंदिर, त्याची पायऱ्यापायऱ्यांची बारव, गावातला तो नक्षीदार दगडी स्तंभ हे सगळं बघायला लांबून माणसं येतात. मी मात्र १९९३ सालच्या जून महिन्यात या गावात आलो तो खोली बघायला. बी. ए. झालेलो, वय चोवीस, एका शाळेत लिपिकाची नोकरी नुकतीच लागलेली. सोबत एक ट्रंक आणि कवितांची वही. बायको आणि वर्षाची मुलगी गावाकडे होती. खोली मिळाली की त्यांना आणायचं ठरलं होतं.

लहान गावात खोली शोधणं सोपं असतं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. गावात अपार्टमेंट नसतात, दलाल नसतो, वर्तमानपत्रात जाहिरात येत नाही. शाळेचा शिपाई तुम्हाला सोबत घेतो, संध्याकाळी गल्लीतून हिंडवतो. 'नवे भाऊसाहेब आलेत, जागा पाहिजे' एवढं तो म्हणतो. ढेलजेतला माणूस पानाची पिंक टाकून बस म्हणतो. खोल्या तर रिकाम्या असतातच. मुलं परभणीला, औरंगाबादला, पुण्याला गेलेली असतात. जुन्या वाड्यात दोन खण कुलूप घालून पडलेले असतात.

माझं आडनाव असं आहे की ते हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही. आमच्या मराठवाड्यात देशमुख, इनामदार, पाटील, पटेल ही आडनावं वतनाची. ज्याच्याकडे वतन, त्याचं ते आडनाव, मग तो नमाज पढो की पोथी वाचो. त्यामुळे पहिल्या वाड्यात आडनाव सांगितल्यावर चहा आला. किराया दीडशे ठरला. आडाचं पाणी, परसाकडे जायची वाट, सगळं दाखवून झालं. मग मालकांनी सहज विचारलं, "नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलं. मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, आमच्या पोरानं ही खोली कालच कोणाला तरी सांगितली वाटतं. विचारून कळवतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट संकोचच होता. साल १९९३ होतं. डिसेंबर आणि जानेवारीच्या बातम्या ताज्या होत्या. चारठाण्यात काही घडलं नव्हतं, पण बातम्या सगळ्यांनीच वाचल्या होत्या.

दुसऱ्या घरी आधीच विचारलं, तिसऱ्या घरी शिपायानंच सांगून टाकलं. चौथं घर आमच्याच लोकांचं होतं. मला वाटलं, इथे तरी प्रश्न नसेल. तिथे नावावर काही नव्हतं. पण बिरादरी कोणती, कोणत्या जमातीत उठबस आहे, घरात पडदा आहे का, आणि हे कविता करणं म्हणजे नेमकं काय करता, अशी चौकशी सुरू झाली. तिथलीही खोली मला मिळाली नाही. त्या रात्री मी शाळेच्या व्हरांड्यात झोपलो.

हे सांगतोय ते गाऱ्हाणं म्हणून नाही. त्या रात्री जो प्रश्न मला पडला, तो पुढे तीस वर्षं मी बाळगला. भाड्यानं घर देण्याघेण्याचा इतिहास जमेल तसा वाचला. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कायद्यानं, समाजानं, सुधारकांनी घरात राहत असलेल्या माणसाचा बराच विचार केला. दारात उभा असलेला, अजून आत न आलेला जो माणूस आहे, त्याचा विचार फार थोड्यांनी केला.

आधी शब्दांकडेच बघा. 'भाडं' हा शब्द संस्कृत 'भाटक'वरून आलेला. आमच्या मराठवाड्यात भाडं एस. टी.चं आणि बैलगाडीचं, घराचा असतो तो 'किराया'. तो अरबीतून फारसीत आणि निजामाच्या अमलात आमच्या तोंडी रुळला. 'बिऱ्हाड' कन्नड 'बिडार'शी नातं सांगतं. 'अनामत' म्हणजे अरबीतली 'अमानत', कोणीतरी विश्वासानं ठेवलेली वस्तू. 'मालक'ही तिकडचाच. संस्कृत, कन्नड, अरबी, फारसी असे चारी दिशांचे शब्द एकाच घरात नांदतात, त्यांना कोणी जात विचारत नाही.

जुन्या काळी परक्या माणसानं राहायचं कुठे? भाड्याची खोली ही कल्पनाच तेव्हा विरळ होती. वाटसरूसाठी देऊळ होतं, मठ होता, धर्मशाळा होती, सराई होती, दर्ग्याची ओवरी होती, चावडी होती. याचा मराठीतला फार जुना पुरावा महानुभावांच्या वाङ्मयात सापडतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मराठवाड्यात आणि वऱ्हाडात हिंडले. ते मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, म्हणजे या मुलखात परकेच. 'लीळाचरित्रा'त ते कुठल्या गावी कुठे उतरले हे जागोजाग येतं. पुढे 'स्थानपोथी' हा वेगळा ग्रंथच झाला. त्यात स्वामींच्या मुक्कामाची देवळं, मठ, त्यांची दारं कोणत्या दिशेला, कोणतं स्थान कशाच्या शेजारी हे सगळं नोंदवलेलं आहे. पाहुण्याच्या उतरण्याच्या जागांची इतकी बारकाईची नोंद दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला ती पाहायला आवडेल. चारठाण्याच्या मंदिरांसमोर उभा राहिलो की मला वाटतं, इथल्या मंडपातही वाटसरूंनी पथाऱ्या पसरल्या असतील, पहाटे बारवेत तोंड धुतलं असेल. अर्थात सगळ्यांनीच नव्हे. देवळाच्या पायरीशी आणि बारवेच्या काठाशी ज्यांना थांबावं लागे, त्यांची नोंद कुठल्या पोथीत फारशी मिळत नाही.

खोली भाड्यानं घेणं खरं तर पगाराबरोबर आणि रेल्वेबरोबर आलं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. जालना, सेलू, परभणी ही गावं बाजाराची आणि कापसाची ठिकाणं म्हणून वाढली. गुमास्ते आले, मास्तर आले, कारकून आले. महिन्याला पगार मिळणारा माणूस महिन्याला किराया देऊ शकतो. वाड्यांच्या मागच्या खणांना त्यामुळे किंमत आली.

मुंबईत याच गोष्टीचं मोठं रूप झालं. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांवर बोट ठेवलं गेलं आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट उभा राहिला. जुन्या वस्त्या पाडल्या, चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली, भाडी भडकली, तेव्हा सरकारनं १९१८ मध्ये भाडेवाढीला आळा घालणारा कायदा केला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानं बहुतेक जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. चाळीतलं दहा-पंधरा रुपयांचं भाडं आणि पागडीचे लाखाचे व्यवहार या दोन्ही गोष्टी याच कायद्याच्या पोटात वाढल्या. आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५४ मध्ये वेगळा कायदा झाला. हैदराबाद राज्य १९५६ मध्ये संपलं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण घरभाड्याच्या बाबतीत मराठवाड्यात तो हैदराबादी कायदा पुढे चाळीस वर्षं चालूच राहिला. मुंबईचा, विदर्भाचा आणि आमचा असे तीन वेगळे कायदे मोडून एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

हा नवा कायदा भाडेकरूच्या बाजूनं बरंच बोलतो. करार लेखी हवा, नोंदणी झालेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे फार जणांना माहीत नसतं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं आपण ऐकत आलो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून ही अकरा महिन्यांची युक्ती रूढ झाली. महाराष्ट्रात ती पळवाट या नव्या कायद्यानं बुजवली. पण तो लागू आहे त्याच्या परिशिष्टात नेमलेल्या गावांना आणि शहरांना. लहान खेड्यात आजही बहुधा मालकाचा शब्द हाच करार असतो.

आता माझा मुद्दा पाहा. या सगळ्या कायद्यांनी भाडं किती, वाढ किती, घराबाहेर काढायचं तर कोणत्या कारणानं, हे ठरवलं. जो उंबऱ्याच्या आत आला त्याला संरक्षण दिलं. पण उंबऱ्याबाहेर उभ्या माणसाला केवळ नाव ऐकून परत पाठवलं, तर त्यावर हे कायदे काही बोलत नाहीत. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते ही सगळ्यांना खुली केली आहेत. खासगी घराची खोली त्यात येत नाही.

ज्यांच्या हातून ही घटना घडली, त्यांना खोली नाकारली जाणं काय असतं हे चांगलं ठाऊक होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघालेला हा तरुण. बडोदा म्हणजे गायकवाडांचं, मराठी राजघराण्याचं शहर. हिंदू खानावळीत आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते एका पारशी सराईत गेले. दिवसाला दीड रुपया आणि नोंदवहीत पारशी नाव, या अटीवर तिथल्या माणसानं त्यांना ठेवून घेतलं. वरच्या मजल्यावर ते एकटेच. शेजारी मोडक्या सामानानं भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना, त्यात वटवाघळं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. त्यांनी एका हिंदू स्नेह्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती स्नेह्याला विचारलं. त्यानं बायकोच्या संमतीवर ढकललं. शेवटी रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं ती १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात छापली गेली.

त्याच पुस्तिकेत आणखी एक प्रसंग आहे. तो मी मुसलमान म्हणून मुद्दाम सांगतो. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळला निघाले होते. वाटेत देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. रमजानचे दिवस होते. किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे मुसलमान आरडाओरडा करत धावत आले की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ झाली. एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या हौदाचं पाणी घेऊ देणार नाही का, असं बाबासाहेबांनी विचारल्यावर लोक गप्प झाले. तरी किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून त्यांच्याबरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. ज्या धर्मात सगळे एका रांगेत उभे राहतात असं आम्ही अभिमानानं सांगतो, त्या धर्माच्या माणसांनी, आमच्याच मराठवाड्यात हे केलं. चारठाण्यात माझी बिरादरी विचारणारं चौथं घर आठवलं की मला तो हौद आठवतो.

मग दारातल्या माणसाचा विचार कोणीच केला नाही का? केला. त्यांनी कायदा केला नाही, त्यांनी खोल्या बांधल्या. कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलांना राहायला जागा मिळत नाही, हे राजर्षी शाहूंच्या ध्यानात आलं. १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी, त्याच सुमारास जैन मुलांसाठी वसतिगृह झालं. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी झालं. त्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. पुढे कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार वसतिगृहं का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. सरळ उत्तर असं की एका छपराखाली सगळे राहतील अशी वेळ यायची होती, पण मुलांच्या शिक्षणाची वर्षं थांबणार नव्हती.

ती वेळ आणली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. ते लहानपणी जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी साताऱ्याला १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. औरंगाबादला १९५० मध्ये बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्यालाही वसतिगृहाची जोड होती. बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसानं ती जोड का दिली असेल, हे वेगळं सांगायला नको. मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या किती शिक्षकांनी, कारकुनांनी, कवींनी अशा वसतिगृहांत अभ्यास केला, ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

पण वसतिगृह विद्यार्थ्याला मिळतं. नोकरीवर आलेल्या, लेकरूबाळ असलेल्या माणसाला शेवटी कोणाच्या तरी दारातच उभं राहावं लागतं. तेव्हा पुन्हा चारठाण्याकडे वळतो.

शिपाई मला म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही एकटे हिंडलात तर कोणी देणार न्हाई. फॅमिली आणा." मी बायकोला आणि मुलीला घेऊन आलो. जूनचं ऊन, पावसाचा पत्ता नाही. गावाच्या एका टोकाला एक विधवा बाई एकट्या राहत होत्या. मोठं अंगण, मातीचं माळवद, अंगणात आड. आम्ही फाटकात उभे राहिलो. मी ठरवलं होतं की या वेळी नाव आधी सांगायचं. सांगितलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बायकोच्या कडेवरच्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "एवढंसं लेकरू घेऊन हिंडायलाव का उन्हातान्हात? आधी सावलीत बसा."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी अटी सांगितल्या. किराया सव्वाशे, लाइटचे दहा वेगळे. अंगण सूनबाईनं एक दिवसाआड झाडायचं. मग त्या म्हणाल्या, "आणि आडाचं सांगते." मी मनात म्हटलं, आता आलं. आडाला हात लावू नका म्हणणार, पाणी त्या वरून ओतणार. त्या म्हणाल्या, "आडात दुसरा पोहरा सोडायचा न्हाई. तेलकट पोहरा पडला की पाणी नासतं. पोहरा एकच, माझा. त्यानंच शेंदायचं." मी मान हलवली. बायको मात्र दुपारी खोलीत एकटी असताना रडली. का ते मी विचारलं नाही.

आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या घरात सात वर्षं राहिलो. त्यांनी आम्हाला खोली का दिली, हे मी कधी विचारलं नव्हतं. एका रात्री त्यांनीच सांगितलं. १९४८ मध्ये रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईनं रातोरात मुलांना घेऊन सरहद्द ओलांडली. चारठाण्याच्या उत्तरेला वऱ्हाड जवळ. तिथे निजामाचं राज्य नव्हतं. वऱ्हाडातल्या एका खेड्यात कोणा अनोळखी माणसानं त्यांना ओसरी दिली. त्या चार महिने तिथे राहिल्या. "आईनं घरधन्याचं नाव इचारलं न्हाई आन् त्यानं आमचं इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. मी ऐकत राहिलो. त्याच वर्षी, सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाल्यावर, माझ्या आजोबांनीही गाव सोडलं होतं. एका नातेवाइकाच्या खोलीत आठ माणसं महिनोन् महिने राहिली होती. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमानांवर काय गुदरलं ते पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं. तो अहवाल बासनात राहिला, लोकांना पाहायला मिळाला २०१३ मध्ये. आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नसे. त्या रात्री मावशींना मी आजोबांचं सांगितलं. घराबाहेर ते सांगण्याची माझी ती पहिली वेळ. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग तुलाबी ठाऊक हाय की."

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, गावं गाढ झोपेत होती. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, माळवदाची माती अंगावर पडली. मावशी दार बडवत ओरडल्या, "पोरीला घिऊन भाईर या!" लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली, हे दिवस उजाडल्यावर रेडिओवर कळलं. त्यानंतर कितीतरी रात्री कोणी माळवदाखाली झोपायला तयार नव्हतं. मावशींचं अंगण मोठं, म्हणून गल्लीतली माणसं तिथे अंथरुणं घेऊन येत. मला खोली 'कालच दिली' म्हणणारे मालकही आले. त्यांच्या त्या दोन खणांना तेव्हाही कुलूपच होतं. माझ्या मुलीला त्यांच्या सुनेनं चादर दिली. त्या प्रकरणावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. पुढे चांगली ओळख झाली, शाळेच्या कामात त्यांनी मला मदतही केली.

भूकंपानंतर माळवदं गेली, स्लॅबची घरं आली. किरायासाठी म्हणून वेगळ्या खोल्या बांधल्या जाऊ लागल्या. मोठ्या गावांतून अपार्टमेंट उभी राहिली. वाड्यात मालक समोर बसलेला असे. त्याला तुमच्या तोंडावर 'कालच दिली' असं खोटं बोलावं लागे आणि ते बोलताना तो अवघडत असे. अपार्टमेंटमध्ये नकार देणारा माणूस दिसत नाही. 'माझं काही नाही हो, सोसायटीचा नियम आहे' असं सांगता येतं. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये निकाल दिला की सहकारी संस्था आपल्या उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांना चांगल्या वस्तीत घर भाड्यानं किंवा विकत मिळणं अवघड जातं आणि म्हणून ते एकाच वस्तीत दाटतात, असं त्यात आहे. मग बाकीचे म्हणतात, हे लोक वेगळेच राहतात.

मावशींच्या अंगणात रांगलेली माझी मुलगी २०१६ मध्ये नोकरीला पुण्यात गेली. फ्लॅट बघायला तिनं फोन लावले. आडनावावर फ्लॅट मिळायचा, नावावर जायचा. तेवीस वर्षांनी तीच गोष्ट, फक्त आता चहा नव्हता. एकवीस दिवसांनी तिला जागा मिळाली, ती एका निवृत्त शिक्षिकेकडे. मुलीनं फोनवर सांगितलं, "अब्बा, त्यांनी विचारलं, रात्री गेट किती वाजता लावू?"

मावशी आता नाहीत. मी निवृत्तीला आलोय. चारठाण्यातच घर बांधलं, वर दोन खोल्या काढल्या. गेल्या वर्षी एक तरुण खोली विचारत आला. दुसऱ्या जिल्ह्यातला, नोकरीवर नवा. पाठीवर बॅग, बुटांवर धूळ. मी दारात गेलो आणि ऐकून आश्चर्य वाटेल, माझ्या तोंडात पहिला प्रश्न कोणता आला? 'आडनाव काय म्हणालात?' आतून बायको पडद्याआडून खुणावत होती, तिलाही तेच हवं होतं. एकटा पोरगा, काय खातो, काय पितो, कोणत्या समाजाचा, शेजारी काय म्हणतील, हे सगळं माझ्याही डोक्यात येऊन गेलं. नकार देणारा माणूस दुष्टच असतो असं नाही, तो बहुतेक वेळा शेजाऱ्यांना भीत असतो, हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं. पण त्या भीतीपायी कोणाला व्हरांड्यात झोपावं लागतं, तेही मला माहीत होतं.

मी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं. नळ एक दिवसाआड येतो, टाकी भरायची पाळी कशी, विजेचं मीटर वेगळं आहे, गच्चीवर कपडे कुठे वाळत घालायचे ते दाखवलं. किराया सांगितला. त्याला परवडला. मग मी करार लिहायला कागद काढला, तारीख टाकली आणि पेन हातात धरून त्याला पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.